न जन्मल्याचा दाखला

बाळ आत ठेवलं जात होतं तेव्हा बाळाचा बाप बाहेर फॉर्म भरत होता. गोष्ट म्हटली तर एवढीच. पण बायकोनं ती त्याला पुढे कित्येक महिने विसरू दिली नाही, म्हणून सुरुवात तिथूनच केलेली बरी.

हा गृहस्थ शहर बससेवेच्या वेळापत्रक विभागाचा प्रमुख. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजून किती मिनिटांनी यावी हे तो ठरवायचा. ती त्या वेळेला येत नसे हा भाग वेगळा, त्याला तो काय करणार? ऑफिसात त्याच्या माघारी सगळे त्याला 'मिनिटकाटा' म्हणत. हे त्याला ठाऊक होतं आणि मनातल्या मनात आवडतही होतं. कुठल्याही खोलीत शिरला की तो आधी भिंतीवरचं घड्याळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघायचा आणि मगच माणसांकडे वळायचा.

दहा मार्चला दवाखान्यात नेमकं हेच झालं. लग्नाला नऊ वर्षं झालेली आणि उपचारांचा हा तिसरा प्रयत्न. आधीचे दोन फुकट गेले होते आणि त्या दोन्ही वेळी घरात जी शांतता पसरली ती नवराबायको दोघांनाही पुन्हा नको होती. आत डॉक्टरीणबाई प्रयोगशाळेत वाढवलेलं भ्रूण बायकोच्या गर्भाशयात ठेवायच्या तयारीत होत्या. नवऱ्याला आत थांबायची परवानगी होती. पण काउंटरवरच्या बाईंनी त्याच्या हातात 'नातेवाइकाने भरावयाचा' एकोणीस प्रश्नांचा फॉर्म दिला आणि त्यातला सतरावा प्रश्न होता, 'फॉर्म भरल्याची वेळ'.

"हे तुमचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे," मिनिटकाटा म्हणाला.

"असू दे हो, लिहा काहीतरी."

"काहीतरी कसं लिहू? खाली सही आहे माझी!"

झालं. कुठली वेळ खरी धरायची यावर दहा मिनिटं चर्चा झाली. ती संपवून तो विजयी मुद्रेनं आत गेला, तर बायको छताकडे बघत पडलेली आणि डॉक्टरीणबाई हातमोजे काढत होत्या.

"झालं?" त्यानं विचारलं.

"अकरा वीसला झालं," बायको म्हणाली. "तुला वेळ लागते ना, म्हणून बघून ठेवली." मग जरा थांबून ती म्हणाली, "ठेवलं तेव्हा तू बाहेर फॉर्म भरत होतास. येईल तेव्हा तू आत हवास. मला बाकी काही नको."

ती शहराच्या पाणीपुरवठ्यात पाण्याचे नमुने तपासायची. कमी बोलायची आणि जे बोलायची ते मोजून. त्यामुळे मिनिटकाट्यानं हे वाक्य मनात कोरून ठेवलं.

दोन आठवड्यांनी रक्ताची तपासणी झाली आणि या खेपेला जमलं. त्यानं बायकोला मिठी मारली, सासूबाईंना मारता मारता राहिला आणि भानावर आल्यावर पहिला प्रश्न विचारला, "तारीख कुठली?"

"पाच दिवसांचं भ्रूण ठेवलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ठेवल्या दिवसापासून दोनशे एकसष्ट दिवस मोजायचे. सव्वीस नोव्हेंबर."

मिनिटकाट्याला धन्य धन्य वाटलं. बाकीच्या लोकांच्या तारखा आपल्या अंदाजपंचे असतात. इथे दिवस नक्की, वेळसुद्धा नक्की. त्यानं वहीत लिहिलं, 'सव्वीस नोव्हेंबर, स. ११.२०'.

डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं. "निघाल्याची वेळ नक्की आहे हो," त्या म्हणाल्या. "पोचण्याची कोण सांगणार? तुम्ही तर बसवाले. तुम्हाला मी काय सांगायचं?"

हा टोमणा त्याला लागला. पण बाई डॉक्टर होत्या आणि बायको हसत होती, म्हणून त्यानं तो गिळला.

घरी परतताना बायकोनं अट घातली की ऑफिसात एवढ्यात कुणाला काही सांगायचं नाही. मागच्या दोन्ही वेळी लोकांनी तिचं सांत्वन करून करून तिला हैराण केलं होतं. त्यानं ताबडतोब शब्द दिला. सासूबाईंकडून मात्र असा शब्द घ्यायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सासूबाई लेकीसाठी मुक्कामाला आल्या होत्या. त्यांचा दोनशे एकसष्टवर काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी बोटांची पेरं मोजली आणि निकाल दिला, "नऊ महिने नऊ दिवस. एकोणीस डिसेंबर. माझी तिन्ही बाळंतपणं अशीच झाली."

"तसं नाही आई," मिनिटकाटा सरसावून बसला. "आपलं बाळ आधी पाच दिवस बाहेर होतं. प्रयोगशाळेत."

"बाहेर? कुणाकडे?"

"कुणाकडे म्हणजे... बशीत. मग गोठवून ठेवलं होतं. गेल्या वर्षीच्या मेपासून या मार्चपर्यंत."

सासूबाईंनी डोळे विस्फारले. "जवळजवळ दहा महिने फ्रीजमध्ये? आणि जावईबुवा, तुम्ही आत्ता सांगताय? मग ते दहा महिने नाही का धरायचे?"

"तेव्हा ते वाढत नव्हतं, आई," बायको आतल्या खोलीतून म्हणाली. "थांबलेलं होतं. थांब्यावर उभी असलेली बस समज."

सासूबाईंना ते पटलं की नाही कोण जाणे. पण त्या दिवसापासून लेकीनं स्वेटर घातला नाही तर त्यांचा जीव खालीवर व्हायला लागला. आतल्याला थंडीची सवय असेल, पण बाहेरचीला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग तिसरी तारीख उगवली. एका बाहेरच्या ठिकाणी सोनोग्राफी करायची होती. तिथल्या माणसानं शेवटच्या पाळीची तारीख विचारली, बायकोनं खरी ती सांगितली, दहा फेब्रुवारी, आणि मशीननं कागद छापला तो सतरा नोव्हेंबरचा. मिनिटकाट्याच्या पायाखालची जमीन सरकली. नऊ दिवसांचा फरक! नऊ मिनिटांच्या फरकासाठी त्यानं ड्रायव्हर लोकांना पत्रं धाडली होती.

हे सासूबाईंनी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या मोजणीकाकांना सांगितलं. काकांचा जन्म जमिनी मोजण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे ते त्याच संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन वर आले.

"तीन मोजण्या जुळत नाहीत ना? मग हमरीतुमरीवर यायचं नाही," ते म्हणाले. "आम्ही काय करायचो? सरासरी काढायची. सतरा नोव्हेंबर, सव्वीस नोव्हेंबर, एकोणीस डिसेंबर." त्यांनी बराच वेळ आकडेमोड केली. "आलं! तीस नोव्हेंबर, दुपारी चार."

"दुपारी चार?" बायकोनं विचारलं.

"अपूर्णांक आलाय. तो काही माझ्या पदरचा नाही."

काका गेल्यावर बायको उशीत तोंड खुपसून हसली. मिनिटकाटा मात्र त्या कागदाकडे बघत राहिला. दुपारी चार ही वेळ तशी सोयीची होती.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिघांनाही समोर बसवलं. या खेपेला औषधांना वेळ लागला, भ्रूण ठेवायला नऊ दिवस उशीर झाला, म्हणून आपल्या बाबतीत पाळीचा हिशेब लागू नाही, असं त्यांनी सावकाश समजावलं. तारीख एकच, सव्वीस नोव्हेंबर, आणि तीसुद्धा अंदाज म्हणून. बाळ दोन आठवडे अलीकडे येईल किंवा चार दिवस पलीकडे. सासूबाई मान डोलावत होत्या, पण पदराआड पेरं मोजणं चालूच होतं.

आता रजेचं. बाप होणाऱ्या कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची रजा मिळायची. अर्ज तीन महिने आधी करायचा, तोही कॉम्प्युटरवर, आणि एकदा मंजूर झालेली तारीख बदलायची नाही. मिनिटकाटा ऑगस्टमध्ये एका दुपारी सगळी फाइल घेऊन अर्ज भरायला बसला. अर्जात अपेक्षित तारखेला जागाच नव्हती. ती कॉम्प्युटर स्वतः काढणार होता. त्याला हवा होता फक्त 'गर्भधारणेचा दिनांक'.

दुसरा कुणीही असता तर त्यानं दहा मार्च टाकून दिलं असतं आणि चहा प्यायला गेला असता. पण मिनिटकाटा विचारात पडला. दहा मार्चला तर फक्त ठेवलं. मग धारणा केव्हाची? त्यानं प्रयोगशाळेचा कागद काढला. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं: फलन, चौदा मे. गोठवण, एकोणीस मे. मे गेल्या वर्षीचा. त्याला वाटलं, खोटं कशाला लिहा? खाली सही आहे आपली. त्यानं चौदा मे टाकलं, गेल्या वर्षीचं साल टाकलं आणि बटण दाबलं. पडद्यावर एक गुलाबी फूल उमललं. हा तर शुभशकुन, असं म्हणून तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारातच त्याला पहिलवान मेकॅनिकनं उचलून घेतलं. "छुपे रुस्तम!" तो ओरडला. जिन्यावर ऑफिसातल्या दोघींनी त्याच्याकडे रागानं पाहिलं. सूचनाफलकापाशी गर्दी होती. फलकावर लिहिलं होतं, 'वेळापत्रक विभागप्रमुखांना दि. ४ फेब्रुवारी रोजी अपत्यप्राप्ती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'.

कॉम्प्युटर बिचारा हिशेबाला पक्का होता. त्यानं चौदा मेपासून दोनशे सहासष्ट दिवस मोजले आणि बाळ फेब्रुवारीतच जन्माला घातलं. म्हणजे पोटात जायच्या चौतीस दिवस आधी.

"सहा महिन्यांचं मूल घरात आणि तुम्ही आमचं तोंडसुद्धा गोड केलं नाहीत," मोठे साहेब म्हणाले. ते खरंच दुखावले होते. "आम्ही काय दृष्ट लावणार होतो?"

मिनिटकाटा पेचात सापडला. खरं सांगावं तर बायकोला दिलेला शब्द मोडतो, न सांगावं तर सहा महिन्यांचं मूल दाखवावं लागतं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या हातात सगळ्या विभागानं मिळून दिलेली भेट होती, दात येताना बाळानं चावायची रबरी कडी. खिशात दुसरा कागद होता. 'रजा जन्मापासून तीन महिन्यांत घेणे आवश्यक. मुदत संपल्याने अर्ज नामंजूर.'

बायकोनं दोन्ही वस्तू टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ गप्प बसली. त्या शांततेत त्याला मागच्या दोन वेळा आठवल्या आणि स्वतःच्या अक्कलहुशारीची इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "लपवायचं होतं आणि मी फलकावर लावून आलो."

"फेब्रुवारीत झालं?" तिनं विचारलं. "मग या लाथा कोण मारतंय?" आणि ती हसायला लागली. हसता हसता तिनं पोट धरलं, मग सासूबाई घाबरून स्वेटर घेऊन आल्या, ते बघून ती आणखी हसली. "सांग त्यांना सगळं," ती डोळे पुसत म्हणाली. "आता एवढं मोठं पोट आलंय, मला नाही भीती वाटत. पण रजेचं बघ. तू आत हवास."

रजावाल्या बाई सगळी हकिगत मन लावून ऐकत होत्या. अधूनमधून त्यांनी 'अगं बाई' असंही म्हटलं. शेवटी त्या म्हणाल्या, "खूप आनंद झाला हो साहेब. आता दुरुस्तीसाठी बाळाचा जन्मदाखला आणा."

"बाळ झालंच नाही अजून."

"आमच्याकडे तर झालंय. नोंद पुसायची म्हणजे काहीतरी कागद नको का?"

"जे झालंच नाही त्याचा दाखला कुठून आणू?"

बाईंनी विचार केला. त्या काही दुष्ट नव्हत्या. उलट मार्ग काढणाऱ्या होत्या आणि हेच संकट होतं. "मग न झाल्याचा आणा," त्या म्हणाल्या. "सही-शिक्क्यासकट."

डॉक्टरीणबाईंनी वीस वर्षांत हजारो दाखले दिले होते, पण असा एकही नाही. त्यांनी चष्मा पुसला, लेटरहेड पुढे ओढलं आणि लिहिलं: 'दाखला देण्यात येतो की, सदर दांपत्याचे मूल मी आज स्वतः तपासले असून ते अद्याप जन्मलेले नाही. प्रकृती उत्तम. अपेक्षित दिनांक २६ नोव्हेंबर.' त्यावर शिक्का मारताना त्यांचे खांदे गदगदत होते.

रजा मंजूर झाली, सव्वीस नोव्हेंबरपासून. मूळ दाखला परत मिळाला तो मिनिटकाट्यानं घडी करून वरच्या खिशात ठेवला. न जाणो, पुन्हा कुणी मागितला तर.

वीस नोव्हेंबरला दुपारी एकला तो मोठ्या साहेबांसमोर नवं वेळापत्रक मांडत होता, तेवढ्यात बायकोचा फोन आला. "आईबरोबर दवाखान्यात चाललेय," ती म्हणाली. आवाज शांत होता, पण मध्ये श्वास अडकला. "लवकर ये."

"पण आज वीस आहे!" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मला माहिताय वीस आहे," बायको म्हणाली आणि फोन ठेवला.

तो उठला. "अहो, पण तुमची रजा सव्वीसपासून आहे," साहेब म्हणाले.

"ते बाळाला कळवायचं राहिलं," मिनिटकाटा म्हणाला आणि नवं वेळापत्रक टेबलावर तसंच टाकून धावत सुटला.

खाली स्कूटरपाशी खिशातून घाईनं काढताना किल्ली निसटली, गटाराच्या जाळीवर टणकन आपटली आणि आत गेली. रिक्षा एकही दिसेना. समोर थांब्यावर बस उभी होती आणि ती नेमकी दवाखान्याच्या रस्त्यानं जाणारी होती. मिनिटकाटा कित्येक वर्षांनी आपल्याच बसमध्ये चढला. बस आली होती खरी, पण हलेना.

"काय झालं? निघा ना!"

"चार मिनिटं आहेत अजून," ड्रायव्हर पेपर वाचत म्हणाला. "आज लवकर पोचलो. लवकर पोचलं की वेळ होईपर्यंत थांब्यावर उभं राहायचं. वरून नियम आहे."

हा नियम कुणी केला हे मिनिटकाट्याला चांगलं ठाऊक होतं. तीन पानांची टिपणी लिहिली होती त्यानं त्यावर. "बायको बाळंत होतेय हो माझी!"

"मलाही वाईट वाटतंय. पण ऑफिसात एक मिनिटकाटा बसलाय, तो पत्रं पाठवतो. जन्मात बस पकडली नसेल त्यानं."

"मीच तो," मिनिटकाटा म्हणाला.

ड्रायव्हरनं पेपर खाली केला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग साहेब, तुम्हाला मी काय सांगायचं? साडेतीन मिनिटं."

"नियम रद्द! मी सांगतो ना, रद्द!"

"लेखी द्या."

मिनिटकाट्यानं वरच्या खिशातून हाताला लागला तो कागद काढला, उलटा केला, गुडघ्यावर धरला आणि लिहायला लागला. वर उजवीकडे तारीख टाकली. मग 'विषय' लिहून पुढे दोन टिंबं दिली. मग 'संदर्भ' लिहिलं आणि पेन अडलं. नियमाचा क्रमांक काही केल्या आठवेना.

पुढच्या सीटवर भाजीची पिशवी घेऊन एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांना राहवलं नाही. "अरे बाबा, बायको तिकडे कळा देतेय आणि तू इथे फॉर्म काय भरत बसलायस?"

मिनिटकाट्यानं वर पाहिलं. त्यानं कागद, पेन, सगळं ड्रायव्हरच्या मांडीवर टाकलं, बसमधून उडी मारली आणि पळत सुटला. बारीक मिशांचा, टाय लावलेला, चाळिशीचा माणूस भर रस्त्यातून पळताना कसा दिसतो याचा त्याला विचारसुद्धा शिवला नाही. तिसऱ्या चौकापाशी त्याला धाप लागली आणि तिथेच मागून हॉर्न वाजला.

"या साहेब!" ड्रायव्हरनं दार उघडलं. "झाली चार मिनिटं."

बस पुढच्या दोन थांब्यांवर थांबली नाही. आजीबाईंचा थांबा त्यातच होता, पण त्यांनी तक्रार केली नाही.

दवाखान्यात काउंटरवरच्या बाई तयारच होत्या. "नातेवाईक ना? हा एवढा फॉर्म..." एकोणीस प्रश्न होते. मिनिटकाट्यानं ते दुरून ओळखले.

"नंतर," तो म्हणाला आणि त्यांच्या समोरून सरळ आत गेला. त्याला कुणीतरी हिरवा झगा घातला, तो उलटा घातला गेला. बायकोनं त्याला पाहिलं आणि हात पुढे केला. तो त्यानं धरला. तिनं इतका घट्ट आवळला की त्याची बोटं पांढरी पडली, पण त्यानं हूं की चूं केलं नाही. पुढचं काही त्याला नीट सांगता येत नाही. डॉक्टरीणबाई काहीतरी म्हणत होत्या, बायको ओरडत होती आणि तो 'मी आहे, मी आहे' एवढंच पुन्हा पुन्हा बोलत होता. आणि मग एक तिसराच आवाज आला, बारीक, चिडलेला.

"मुलगी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि काय तो आवाज!"

नर्सनं भिंतीकडे पाहिलं. घड्याळ बंद पडलं होतं. "अहो, वेळ काय झाली? नोंदवायची आहे," तिनं बापाला विचारलं. "तुमच्या हातात घड्याळ आहे ना?"

मिनिटकाट्यानं मनगटाकडे पाहिलं नाही. तो मुलीकडे बघत होता. तिच्या मुठी वळलेल्या होत्या आणि कपाळावर आठ्या होत्या. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला रुमाल काढावा तर उलट्या झग्याला खिसा सापडत नव्हता.

"मी... मी वेळ बघितलीच नाही," तो म्हणाला.

बायकोनं डोळे उघडले. ती दमून गेली होती, केस कपाळाला चिकटले होते, पण तिला हसू आवरत नव्हतं.

"लिहा," ती नर्सला म्हणाली. "वेळेवर आली."

नर्सनं शेजारच्या मशीनवरची वेळ बघून दोन वाजून सतरा मिनिटं असं लिहिलं. मिनिटकाट्यानं ते आपल्या घड्याळाशी ताडून पाहिलं नाही.